समोरची भाजी

आमच्या गॅलरीतून रस्त्यापलीकडचा भाजीवाला दिसतो. मेथी ताजी आहे की शिळी, तेही इथूनच कळतं. आज सकाळी शेजारच्या प्रधानकाकू त्याच्याकडे भाजीला गेल्या, त्या रिक्षाने. रिक्षा पार उड्डाणपुलापर्यंत गेली, खालून वळली आणि येऊन आमच्या बरोबर समोर थांबली. रस्ता रुंद केल्यापासून त्या अशाच जातात.

परवा सोसायटीच्या सभेत सिग्नलची मागणी निघाली, तेव्हा प्रधानकाका म्हणाले, "अहो, इथून कुणी रस्ता ओलांडताना दिसतं का? मग सिग्नल हवाय कुणाला?" सगळ्यांना ते बिनतोड वाटलं. कुलूप घातलेल्या दारातून कुणी ये-जा करत नाही, तेव्हा दारच बुजवा, म्हणण्यातली ही गत. शिवाय ओलांडू न शकलेल्या काकू कुणाच्या हिशेबात नाहीत. त्यांची रिक्षा मात्र गर्दीत धरली जाते आणि गर्दी वाढली म्हणून रस्ता आणखी रुंद करायचं ठरतं.

समोरून काकूंनी हात केला. "कोथिंबीर आणू का गं तुला?" एवढ्या गोंगाटातही मला स्वच्छ ऐकू आलं.

"आणा, काकू!" मी ओरडले.

जुडी पिशवीत टाकून त्या परतीची रिक्षा शोधू लागल्या.