डोलकाठीतली सुतळी

फोन शेजारच्यांकडे आला. मी नागपुरातच, नंदनवनातल्या माझ्या घरी लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होते. "धरमपेठेतून आहे, तुमच्या दादाचं काहीतरी..." एवढं बोलून शेजारीण माझा हात धरून उभी राहिली, तेव्हाच कळलं. पोचले तर दादाला पडवीत निजवलं होतं आणि त्याच्या बाजूला होडीची डोलकाठी तशीच आडवी पडली होती. हलवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. तिच्या एका तोंडातून सुतळी लोंबत होती, दुसऱ्या तोंडाशी नव्या वायरचं भेंडोळं. काम अर्धं टाकून तो 'चहा ठेव' म्हणायला आत वळला आणि उंबऱ्यावरच बसला. उठलाच नाही.

दादा नौदलात वायरमन होता. सुटून नागपुरात आला आणि कचेरीत लागला, पण पाणी काही सुटेना. त्याने शिडाची लहानशी होडी बांधली. "इथं कुठं समुद्र हाय गा?" लोक हसायचे. तो अंबाझरी तलावाकडे बोट दाखवायचा. उन्हाळ्यात ऊन उतरल्यावर तो तलावात जायचा, परतायला अंधार पडायचा. वहिनीला पाण्याची भारी धास्ती. तिने सरळ सांगितलं, "मले काठावरून दिवा दिसला पाहिजे. दिसला नाही तं घरी येऊच नका." मग त्याने डोलकाठीच्या टोकावर दिवा बसवला. काठी आतून पोकळ. तिच्यातून वायर खाली आणून स्कूटरच्या बॅटरीला जोडली. वहिनी बांधावर अंबाडीची भाजी निवडत बसायची, नजर सगळी त्या दिव्यावर. जेवताना आमच्या दातात काड्या यायच्या आणि दादा मुकाट्याने खायचा.

एकदा वायर सडली. आमचे वायरमनसाहेब घाईत, त्यांनी जुनी वायर सर्रकन ओढून काढली, मागे काही न बांधता. आता नवी आत जाणार कशी? सुतळीला नट बांधून सोडला, तो मधेच अडकला. काठी कडुलिंबाला टेकवून उभी केली, हलवली, बडवली. सगळी आळी जमली. "दादा, नौदलात हेच शिकवलं का रे?" मी म्हटलं. "तू गप बस वं," तो म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला. कशीबशी वायर गेली, सोबत एक सुतळीही, आणि तेव्हापासून त्याला खोडच लागली. कुठल्याही पाइपातून वायर ओढली, की तिच्यासोबत एक जादा सुतळी आत सोडायचाच. माझ्या घरी पंखा लावला तेव्हाही सोडली. "ही काहून सोडून राहिला?" मी विचारलं.

"वायर सडन कधी ना कधी. मंग नवी हिलेच बांधून ओढायची. मलेच यावं लागन ना पुन्हा."

यंदा दिवा लुकलुकायला लागला, आणि एका संध्याकाळी पाण्यावर असतानाच विझला. वारा पडलेला, दादाला परतायला फार उशीर झाला. वहिनी काठावर अंधारात बसून होती. त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. म्हणून त्या शेवटच्या रविवारी त्याने काठी घरी आणली, नवी वायर टाकायला.

तो गेल्यावर ती एकच बोलायची, "दिवा न लावताच गेले वं..." तिला दुसरं दुःखच सुचत नव्हतं. तेरावं झाल्यावर कोणी म्हणालं, काठी माळ्यावर टाका. वहिनी उठली. "नलू, ओढायची का वं आपण?"

ती टोकाशी बसून सुतळी ओढायला लागली, मी दुसऱ्या तोंडातून दादाने तिला बांधून ठेवलेली वायर आत सारत होते. वायरच्या जोडीने एक कोरी सुतळीही आत चालली होती. मला वाटलं, भेंडोळ्यात गुंतली असेल. कात्री आणायला उठले आणि तशीच खाली बसले.

"काहून थांबली वं?"

मी ती कोरी सुतळी उचलून धरली. "वहिनी... त्याने सुतळीपण बांधली आहे. पुढच्या वेळची."

वहिनीने हातातली सुतळी कपाळाला लावली आणि त्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. मग डोळे पुसून पुन्हा ओढायला लागली.

काठी अजून पडवीतच आहे. आत सरकू नये म्हणून वहिनीने सुतळीच्या दोन्ही टोकांना गाठी मारल्या आहेत. संध्याकाळी ती बॅटरी जोडून काठीचा दिवा लावते आणि त्याच्याकडे बघत भाजी निवडते. भाजीत काड्या असतात. आम्ही मुकाट्याने खातो.