आप्पांचं पळणारं इंजिन

हवालदार आप्पांच्या डाव्या करंगळीचं नख लांब होतं. बाकीच्या बोटांची नखं ते दाढीच्या ब्लेडने मुळापर्यंत कापायचे, हे एकच जपायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा नखरेल आहे. आप्पा ते नख इंजिनाच्या सिलेंडरमध्ये घालायचे, डोळे मिटायचे आणि आतल्या भोकांच्या कडांवरून सावकाश फिरवायचे. कुठे अडलं की बारीक कानस घेऊन ती कड पुन्हा घासून गुळगुळीत करायची. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "नख अडाकलं तर पिस्टनची रिंग अडकंल. आन् रिंग अडाकली तर तू पाण्यात मधीच बसशील."

आमचं गाव कोयना धरणाच्या पाण्याकाठी आहे. दवाखाना, बाजार, एसटी, सगळं पलीकडच्या काठाला. रस्त्याने जायचं तर डोंगराला मोठा वळसा, आणि पावसाळ्यात तो रस्ताही दरडींच्या मर्जीवर. म्हणून आमच्याकडे घरात दुचाकी नसेल, पण कुणाची तरी बोट असतेच. मीही महाबळेश्वरहून येणाऱ्या पर्यटकांना बोटीतून फिरवतो. आप्पा लष्करात होते, तिथे त्यांनी नोकरीभर बोटींची इंजिनं सांभाळली. निवृत्त होऊन गावी आले आणि काठावरच्या जांभळाखाली पत्र्याची शेड टाकून बसले. आम्हा बोटवाल्यांचं सगळं दुरुस्तीचं काम त्या शेडमध्ये व्हायचं.

पण त्यांचा जीव होता तो एकाच इंजिनात. बोटीच्या मागे लटकवायचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन त्यांनी भंगारातून उचलून आणलं होतं. या इंजिनाला वॉल्व्ह नसतात. सिलेंडरच्या भिंतीलाच भोकं असतात. काहींतून पेट्रोल-हवा आत येते, एकातून धूर बाहेर जातो. त्यांना पोर्ट म्हणतात. धुराच्या पोर्टची वरची कड किंचित उंच केली की धूर लवकर सुटतो आणि इंजिन भरधाव फिरताना जास्त पळतं. ऐकायला सोपं आहे. आप्पांना हे जमायला वर्ष गेलं. पहिल्या सिलेंडर ब्लॉकला त्यांनी जास्त कोरलं. चाचणीला इंजिन असं किंचाळलं की देवळातले लोक बाहेर आले, आणि भर पाण्यात पिस्टन फुटला. आप्पा वल्हं मारत परत आले, ब्लॉक खाली ठेवला, आणि चहा पीत त्याच्याकडे बघत बसले. "माझीच चूक हाय. हाव केली," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुसरा ब्लॉक शोधायला सांगलीला गेले.

दुसऱ्या ब्लॉकला त्यांनी घाई केली नाही. शाईने आत रंगवायचं, सुईने रेघ मारायची, रेघेपर्यंत कोरायचं आणि हत्यार खाली ठेवून द्यायचं. उरलेलं उद्या. मी एकदा म्हटलं, "आप्पा, आजच संपवून टाका की."

"काडलेलं परत लावता येत न्हाई गड्या," ते म्हणाले. "थांबलो तर काय बिघडत न्हाई."

एवढा खटाटोप कशासाठी, हे गावात जुन्या माणसांना ठाऊक होतं. मला आप्पांनी स्वतः सांगितलं ते एकदाच, हात पेट्रोलने धुताना. ते लष्करातून सुट्टीवर आले असताना त्यांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, पोटात दुखायला लागलं. त्यांना पलीकडे जाणाऱ्या प्रवासी लाँचमध्ये घातलं. आप्पा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. पलीकडे पोहोचेपर्यंत काकू बोलायच्या थांबल्या होत्या. आप्पा म्हणाले, "मी सारा वेळ मशीनचा आवाज ऐकत हुतो. मशीनमदी कायबी खोट नव्हती. फकस्त हळू हुती."

ते इंजिन तयार झालं तेव्हा त्यांनी एका हलक्या बोटीला जोडलं आणि काठाला बांधून ठेवलं. आजारी माणसाशिवाय ती बोट सुटायची नाही. दर सोमवारी ते इंजिन चालू करून ऐकायचे, पुन्हा झाकून ठेवायचे. एक पुढारी पाहुण्यांना घेऊन आला आणि एक चक्कर मारू म्हणाला. आप्पांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाले, "सायेब, तुमाला काय झालंय? काय झालं नसंल तर ही बोट तुमची न्हवं." पुढारी हसला. आप्पा हसले नाहीत.

मग एका वर्षी भातलावणीत माझ्या आईला घोणस चावली. पायाला, चिखलातच. आम्ही तिला झोळीत घालून काठावर आणलं. कुणीतरी टेकाडावर रेंज शोधून पलीकडे अँब्युलन्स बोलावली होती. आप्पांनी तोवर बोट सोडून इंजिन तापवायला लावलं होतं. पाऊस आडवा लागत होता. आईला आडवी ठेवली, मी तिच्याजवळ बसलो, आणि माझे वडील बोटीत पाय टाकणार तोच आप्पांनी हात आडवा धरला.

"तुमी न्हाई, भाऊ."

वडिलांना कळेचना. "आवं, माझी बायकू हाय ती."

"व्हय. म्हणूनच सांगतोय. ह्या इंजिनाला धाव हाय, वढ न्हाई. तुमी बसला तर बोट पाण्यावर चडायची न्हाई. मग लाँच आन् ही सारकीच."

वडील भरलेल्या डोळ्यांनी आईकडे बघत राहिले. आई म्हणाली, "ऱ्हावा तुमी. म्हस पिळायची हाय." वडिलांनी पाय मागे घेतला. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनीच बोट ढकलली.

सुरुवातीला इंजिन अडखळलं. हळू चालीत ते नेहमीच खोकायचं. आप्पा पुढे वाकून बसले, मलाही पुढे सरकायला लावलं, आणि वेगाची मूठ पिळत गेले. मग एका क्षणी आवाज बदलला, बोटीचं नाक खाली आलं आणि खालचं पाणी जणू नाहीसंच झालं. मी जन्मापासून त्या पाण्यावर आहे, पण तसा कधी गेलो नव्हतो. आईचा पाय सुजून चकाकत होता. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. मी मागे पाहिलं तर आप्पांचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. मान वाकडी करून ते फक्त ऐकत होते, आणि पाऊस त्यांच्या उघड्या डोळ्यांवर पडत होता.

पलीकडे अँब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन उभी होती. पुढे साताऱ्याला आई बरेच दिवस होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी ते आप्पांना येऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेडमध्ये जाऊन बसले. बराच वेळ आतून हत्याराचा आवाज आला नाही. मी डोकावलो तेव्हा ते तोंडाला पंचा लावून बसले होते. मी तसाच माघारी फिरलो.

त्यानंतर त्या बोटीने बरीच माणसं पलीकडे गेली. सगळीच परत आली असं नाही, पण उशीर झाला म्हणून कुणी गेलं, असं झालं नाही. पुढे आप्पांचे हात थरथरायला लागले आणि सांगलीला दिलेली त्यांची मुलगी त्यांना घेऊन गेली. जाताना त्यांनी इंजिन माझ्या हवाली केलं. मी फोन केला की चौकशी फक्त इंजिनाची. प्लग, ऑइल, मूठ जड लागते का. मागच्या उन्हाळ्यात त्यांची तब्येत बिघडल्याचं कळलं, म्हणून मी फोन लावून थेट चालू इंजिनाजवळ धरला. त्यांना बरं वाटेल असं वाटलं.

ते म्हणाले, "बंद कर. आईला दे फोन."

आईने पदराला हात पुसून फोन घेतला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. ती म्हणत होती, "आवं, चालती की भावजी. लावणीलाबी जाती. न्हाई, दुखत न्हाई आता." मग बराच वेळ नुसतीच ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुमी लय केलं. तवा लाँचमदीबी जेवडं करता येत हुतं, तेवडं केलंच हुतं तुमी."

पाऊस सुरू व्हायच्या आत आप्पा गेले. सांगलीला कृष्णेच्या काठी सगळं झालं, रक्षाही तिथेच सोडली. मी सांगलीहून संध्याकाळी परतलो तर आई काठावर थांबली होती. आप्पांना शेवटी आपल्या गावचं पाणी मिळालं नाही, असं मी म्हणालो.

"मिळालं की," आई म्हणाली. "धरणातनं सुटलेलं पाणी कराडला कृष्णंला मिळतं. तिथनं सांगलीलाच जातंय ते."