बिनजंतूंचा फ्लास्क

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतली. घरात मात्र स्वतःची कपबशीही कधी विसळली नाही. तिथली रीत म्हणजे नळाखाली तीनदा, मग शुद्ध पाण्याने दोनदा, मग उजेडाकडे धरून बघायचं. ऐकून ऐकून माझे कान किटले.

तिथल्या संशोधक बाई जंतूंकडून चांदी करून घेतात. चांदीच्या क्षाराचं पाणी जंतूंना द्यायचं, ते त्यातून डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण बनवतात आणि पाणी तपकिरी होतं. शेजारी त्याच पाण्याचा एक फ्लास्क, पण बिनजंतूंचा. तो रंगहीनच राहायला हवा, नाहीतर जंतूंनी काय दिवे लावले ते कळणार कसं? तर तो मेलाही तपकिरी झाला. दोनदा! बाईंनी थेट ह्यांच्या नावाने मेमो काढला: धुण्यात हलगर्जी. निवृत्तीला बारा दिवस उरलेले असताना.

हे धड जेवेनात. मी चिडून म्हटलं, "अहो, बोला की तिला काहीतरी!"

"अगं, पण भांडं खरंच घाण राहिलं असेल तर?"

कपाळावर हात मारला मी.

हातमोज्यांनी काच निसटते म्हणून हे ते घालत नाहीत, त्यामुळे ते चांदीचं पाणी बोटांना लागतं आणि अधूनमधून काळे डाग उठतात. त्या दुपारी हे बाल्कनीत उन्हात बसले होते. बोटं बघून माझं डोकंच फिरलं.

"आत्ता घरी आलात तेव्हा हात स्वच्छ होते. उन्हात बसलात आणि काळे झाले! तो फ्लास्क कुठे ठेवतात तुमच्या बाई?"

"खिडकीत," म्हणत हे ताडकन उठले.

दुसऱ्या दिवशी बाईंना विनवून ह्यांनी दोन्ही फ्लास्क बंद कपाटात ठेवायला लावले. तिसऱ्या दिवशी जंतूंचा तपकिरी, दुसरा अगदी नितळ. बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

"काका, या वेळी मात्र छान धुतलेत हं!" म्हणाल्या.

"आणि मेमो?" हे घरी येऊन सांगत होते तेव्हा मी विचारलं.

"असेल फाईलमध्ये. भांडं स्वच्छ होतं हे मला कळलं, बास."

"तुम्हाला कळलं, मला कळलं. फाईलला कोण सांगणार?"

हे चहाची कपबशी घेऊन उठले, नळाखाली तीनदा विसळली आणि खिडकीकडे धरून बघतच राहिले.

"स्वच्छ आहे हो," मी ओरडले. "ठेवा ती खाली!"