हरणाबाई आणि धनाजीचा फ्रीज

मेंढीच्या खुरात किडे पडले तर माझी सासू हरणाबाई ते बोटानं उकरून काढते, हात राखेनं घासते आणि त्याच हातांनी भाकरी थापायला बसते. मी मिरजेची, दवाखान्यांच्या गावात वाढलेली. लग्नानंतर बरेच दिवस तिच्या हातचा घास माझ्या घशाखाली उतरत नव्हता. तिला जनावरांची किळस कधीच येत नाही. माणसांची येते, आणि आली की ती बोलून दाखवते. "शी! माणसं हायत का कोण!" हे तिचं वाक्य आटपाडीकडच्या आमच्या माळावर पोराटोरांनाही पाठ आहे.

सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. आत्या पशुसखी आहे. तालुक्याच्या दवाखान्यातून लस आणायची आणि गावातल्या शेळ्यामेंढ्यांना टोचायची, हे तिचं काम. लस थर्मासात बर्फावर ठेवावी लागते. बर्फ नसेल तर ती टोचली काय आणि साधं पाणी टोचलं काय, सारखंच. गेल्या साली कोंडीबाचं खांड, म्हणजे त्याचा मेंढरांचा कळप, लस न घेताच कृष्णाकाठाला चरायला उतरलं आणि बुळकांडीच्या रोगानं निम्मी मेंढरं वाटेतच गेली. परक्याच्या उसाच्या बांधाला खड्डे खणून त्यांना पुरावं लागलं. यंदा टोचल्याशिवाय एक मेंढरू शीव ओलांडणार नाही, असं आत्यानं कोंडीबाला सांगून ठेवलं होतं.

बर्फ मिळायचं एकच ठिकाण होतं, धनाजीचं घर. धनाजी सोनं गाळायच्या धंद्यात बरीच वर्षं दक्षिणेत राहून आला आणि येताना दोन दारांचा फ्रीज घेऊन आला. खालच्या टाकीत पाणी भरलं की वरच्या डब्यात आपोआप बर्फाचे खडे पडणारा. सुरुवातीला डबा भरून वाहायचा. दिवाळी सरली तोवर मूठभर पडायचीही मारामार झाली.

कोंडीबा निघायच्या आदल्या सकाळी आम्ही थर्मास घेऊन गेलो. धनाजीची बायको साळूबाई दारातच म्हणाली, "हरणाआक्का, बर्फच पडत न्हाई बगा. मशीन बिघडलंय. मेकॅनिक विट्यास्नं कवा यील तवा यील."

"दार उघड," आत्या म्हणाली.

उघडायची गरजच नव्हती. रश्श्याचं पातेलं इतकं पुढं आलेलं की दार त्याच्यावर टेकून उभं होतं. दाराच्या रबरावर तेलापिठाचा चिकट थर आणि त्यात मेलेल्या मुंग्या. वरच्या कप्प्यात जत्रेचं मटण पिशव्यांनी कोंबलेलं. तेही एका घरचं नाही, अख्ख्या गल्लीचं! आपली पिशवी ओळखू यावी म्हणून कुणी चिंधी बांधलेली, कुणी दोरा. एक पिशवी फुटून तिचं लाल पाणी सगळ्या कप्प्यात पसरून गोठलं होतं. गार वारा जिथून येतो ती जाळी त्या ढिगामागं पार गाडली गेली होती. वास असा आला, की मी पदर नाकाला लावला.

"शी! माणसं हायत का कोण!" आत्या म्हणाली. "दार लागंना, वारं फिरंना, आन् बर्फ पायजे ह्यास्नी."

साळूबाईला झोंबलं. "आवं आक्का, मेंढराच्या घाणीत कोपरापतूर हात घालता, आन् आमच्या फ्रीजला नाक मुरडता व्हय?"

"मेंढराला कळत न्हाई. तुला कळतंय की."

आत्यानं पदर खोचला. पिशव्या बाहेर, पातेलं बाहेर. मी गरम पाण्यानं रबर घासलं आणि जाळी मोकळी केली. मग आत्यानं पाण्याची टाकी ओढून बाहेर काढली. पाणी पिवळंजर्द! तळाला गाळ, आणि टाकीच्या तोंडाची बारीक गाळणी हळदीच्या लगद्यानं लिंपून बंद.

"ह्ये काय गं?"

"भंडारा हाय," साळूबाई जरा दबून म्हणाली. "फ्रीज आला तवा देवाचा म्हणून टाकला हुता. मग बर्फ कमी पडाय लागला, म्हणून आनकी टाकला."

म्हणजे बर्फ जितका कमी, तितका भंडारा जास्त. नवी वस्तू घरात आली की तिला भंडारा लावायचा, ही आमची रीतच आहे. ट्रॅक्टरला लावतात, बोअरला लावतात. पण लावणं वेगळं आणि आत ओतणं वेगळं, हे त्या घरात कुणालाच सुचलं नाही. गल्लीनं तर तो पिवळा बर्फ सरबतात घालून मिटक्या मारल्या. आत्यानं बोटाला लागलेला भंडारा आधी कपाळाला लावला, मग टाकी तुळशीच्या बुडात रिकामी केली, गाळणी धुतली आणि स्वच्छ पाणी भरलं.

दुपारी पहिले खडे पडले. काचेसारखे. संध्याकाळी डबा अर्धा झाला, पण एवढ्या खांडाला अर्धा डबा पुरत नाही. "सकाळपतूर दार उघडू नगा," असं साळूबाईला बजावून आम्ही घरी आलो.

सकाळी डबा रिकामा होता. ओट्यावर उष्टे ग्लास, शेंगांची टरफलं, एका ग्लासात तरंगणारी माशी. आणि फ्रीजमध्ये मटणाच्या पिशव्या पुन्हा जागच्या जागी! धनाजी बनियनवर पोट खाजवत बाहेर आला.

"आवं, पावनं आलतं. त्यास्नी कोमट द्यायाचं व्हय? आज पडतोय की परत."

मला त्या माणसाकडं बघवेना. आत्या नुसती थुंकली. तेवढ्यात रस्त्यावर घंटा वाजल्या. कोंडीबा खांड घेऊन, घोडीवर बिऱ्हाड लादून निघालाच होता. त्याच्या पागोट्यावर भंडारा होता. भंडारा उधळून निघालेलं खांड माघारी फिरवायचं नाही, हे आमच्याकडं कुणी मोडत नाही.

"हरणे, टोच की," तो म्हणाला.

"बर्फ प्याली ही माणसं."

कोंडीबाचा चेहरा उतरला. "माघारी जाता येत न्हाई. आन् न टोचता फुडं जायाची माझी छाती न्हाई. पुन्यांदा खड्डं खणू का?"

आत्यानं धनाजीच्या अंगणाकडं पाहिलं. नवी कोरी, चकचकीत फरशी. तिनं फाटक सताड उघडलं.

"माघारी कशाला? मुक्काम हितंच कर."

बघता बघता अंगण मेंढरांनी भरलं. कोकरं ओट्यावर चढली, दोन स्वयंपाकघरात शिरली. फरशीवर लेंड्यांचा सडा पडला. धनाजी बोंबलत सुटला, "आक्का, फरशी! आवं, किती येळ ह्ये?"

"बर्फ हुईस्तवर."

मग मात्र धनाजी दिवसभर फ्रीजला पाठ लावून उभा राहिला. बर्फ मागायला आलेल्यांना त्यानं हाकललं आणि मटणाच्या पिशव्या स्वतः घरोघर पोचवल्या. मेंढरांच्या वासानं त्याचं नाक दिवसभर आक्रसलेलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडता डबा काठोकाठ भरला. थर्मास भरून आत्यानं तालुक्याहून लस आणली. मग ती टोचत गेली, आणि खांड लवकर जावं म्हणून धनाजीच एकेक मेंढरू मांडीत दाबून धरत गेला. टोचल्याशिवाय एकही फाटकाबाहेर पडलं नाही. जाताना कोंडीबानं आत्याला वाकून हात जोडले आणि खांड कृष्णेच्या वाटेला लागलं.

धनाजी नळावर हात घासत म्हणाला, "झालं न्हवं समदं? आतातरी राग गेला का, आक्का?"

"राग कालच गेला रं," सुई पुसत आत्या म्हणाली. "किळस ऱ्हायलीया. ती न्हाई जायाची."