माझ्या बापाचं कार्य शून्य

मी सातवीत असताना आमच्या विज्ञानाच्या सरांनी भर वर्गात सिद्ध करून दाखवलं, की माझे वडील दिवसभर काहीच काम करत नाहीत. फळ्यावर, सूत्र मांडून. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ती शांतपणे सांगणं मला अजून जमत नाही. शांतपणे सांगावी असं वाटतही नाही.

आम्ही मूळचे लातूरकडचे. मी लहान असतानाच आई-वडील भोसरीत आले आणि एका चाळीत भाड्याच्या खोलीत राहू लागले. आई एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये रबरी पार्टचं पॅकिंग करायची. वडील चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटी गार्ड होते. बारा तासांची शिफ्ट, आणि गेटवर खुर्ची नाही. खुर्ची परवडत नव्हती म्हणून नव्हे. साहेबांची गाडी आत शिरताना गार्ड बसलेला दिसला तर बरं दिसत नाही, म्हणून. घरी आले की ते आधी बूट काढायचे. मोजे काढले की पायावर त्यांच्या रबराचा वळ उमटलेला असायचा आणि पोटऱ्यांवरच्या शिरा निळ्या, गाठी मारल्यासारख्या वर आलेल्या. आई मिठाचं कोमट पाणी टबात ओतून द्यायची. त्यात पाय सोडून ते डोळे मिटून बसायचे. तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा घरात नियमच होता.

सर मुलांचे लाडके होते. हसवायचे. खुर्चीत एका पायावर दुसरा पाय टाकून बसायचे आणि तिथूनच शिकवायचे. त्या दिवशी धडा होता गती, बल आणि कार्य. त्यांनी एका दांडगट मुलाला भिंत ढकलायला लावली. तो लालबुंद होईपर्यंत ढकलत राहिला. सर म्हणाले, "भिंत हलली का? नाही. म्हणजे विस्थापन शून्य. बल गुणिले शून्य किती? शून्य. बस खाली, तू काहीच कार्य केलं नाहीस." सगळे हसले. मीही हसले. इथवर धडा छान चालला होता.

मग ते म्हणाले, "आता एक खरं उदाहरण घेऊ," आणि माझ्याकडे बघितलं. कुणाचे वडील काय करतात हे वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं होतं.

"तुझे पप्पा सिक्युरिटीत ना? चाकणला?"

"हो सर."

"दिवसभर काय करतात?"

"गेटवर उभे राहतात."

"उभे राहतात. चालत कुठे जातात का? काही उचलतात का?"

गेट उघडतात, गाड्या तपासतात, वाट चुकलेल्या ट्रकवाल्याला रस्ता सांगतात, हे सगळं सांगायला हवं होतं. पण मी नुसती नकारार्थी मान हलवली.

"विस्थापन?" सरांनी वर्गाला विचारलं.

"शून्य!"

"कार्य?"

"शून्य!"

"म्हणजे शास्त्राच्या भाषेत हिचे पप्पा दिवसभर काहीच काम करत नाहीत. आणि घरी जाऊन म्हणतात," इथे त्यांनी आमच्याकडचा हेल काढला, "लई दमलाव बगा!"

वर्गात हशा फुटला. बाकं बडवून हसले सगळे. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीणसुद्धा तोंडावर हात धरून हसत होती. सर स्वतःही हसले आणि हसता हसता त्यांनी फळ्यावर लिहिलं, कार्य = ० ज्युल.

त्या दिवसापासून माझं नाव 'झिरो ज्युल' पडलं. मधल्या सुट्टीत, रांगेत, शाळा सुटल्यावर रस्त्यातसुद्धा. मी घरी काही बोलले नाही. संध्याकाळी वडील टबात पाय सोडून बसले, की मी त्यांच्या त्या शिरांकडे बघत राहायचे. मला पुरतं समजत नव्हतं, पण एवढं नक्की कळत होतं, की जे सूत्र या पायांना शून्य म्हणतं, त्यात काहीतरी सांगायचं राहून गेलंय.

चाचणी परीक्षेत प्रश्न आला, कार्य केव्हा शून्य असते ते उदाहरण देऊन स्पष्ट करा. पेपर परत मिळाले तेव्हा कळलं, की वर्गातल्या कितीतरी जणांनी 'कंपनीच्या गेटवर उभा असलेला गार्ड' हे उदाहरण लिहिलं होतं आणि प्रत्येकाला पूर्ण मार्क मिळाले होते. मी लिहिलं होतं, "सर वर्गात खुर्चीवर बसून मुलांना हसवतात. त्यांचे विस्थापन शून्य असते. म्हणून सरांचे कार्य शून्य असते."

माझ्या उत्तरावर लाल फुली होती आणि खाली शेरा, पालकांना घेऊन येणे.

वडिलांची तेव्हा रात्रपाळी होती; ती संपवून ते थेट शाळेत आले. वर्दीतच, टोपी हातात. मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, पण ते उभेच राहिले. सर बाजूला पेपर घेऊन बसलेले. कुणी काही सांगायच्या आतच वडिलांनी हात जोडले.

"लेकराचं काही चुकलं आसंल तर माफी करा सर. ल्हान हाय."

मला इतका राग आला, की कानशिलं तापली. सरांचा राग तर होताच, पण त्या जोडलेल्या हातांचाही आला. काय झालंय हे माहीत नसताना माणूस माफी कशी मागतो? आज कळतं, की गेटवर त्यांना रोज तेच करावं लागायचं. साहेबांची गाडी दोन मिनिटं खोळंबली तरी आधी माफी, मग कारण.

बाईंनी माझं उत्तर मोठ्यानं वाचलं. वडिलांना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "असं कामून लिहिलंस बाळा?"

मग मी सगळं सांगितलं. भिंत ढकलणारा मुलगा, गेट, शून्य, तो हेल, 'झिरो ज्युल', सगळं. रडत नव्हते. आवाज चढला होता आणि तो खाली येत नव्हता.

"अहो, गंमत होती ती," सर म्हणाले. "मुलांच्या लक्षात राहावं म्हणून रोजच्या जगण्यातलं उदाहरण द्यावं लागतं. आणि पुस्तकात आहेच तसं."

"मग माझं उत्तर चूक कसं?" मी विचारलं. "सूत्र तेच आहे."

मुख्याध्यापिका बाईंनी पेपर पुन्हा बघितला. उत्तर बरोबर आहे हे त्यांना कळलं होतं, मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. पण त्या म्हणाल्या, "बरोबर-चूक हा प्रश्नच नाही. शिक्षकांबद्दल असं लिहायचं नसतं. सरांची माफी माग."

"आधी सरांनी पप्पांची मागायला पाहिजे."

वडील माझा दंड धरून हळूच म्हणाले, "शास्त्रात तसं आसंल तर आसंल बाळा. माग माफी. वर्ष वाया जाईल."

मी मागितली नाही. शिक्षा म्हणून आठवडाभर विज्ञानाच्या तासाला मला वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं करायचं ठरलं. वडिलांनी त्यालाही मान डोलावली, सरांना नमस्कार केला आणि झोपायला घरी गेले.

व्हरांड्यात उभं राहताना आतला धडा ऐकू यायचा. सर स्थितिज ऊर्जा शिकवत होते. हसण्याचे आवाज यायचे. माझ्या पोटऱ्या भरून यायच्या. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायचे आणि दात आवळून धरायचे.

वडिलांनी आईला काही सांगितलं नव्हतं. तिला कळलं शेजारच्या खोलीतल्या मुलीकडून, जी माझ्याच वर्गात होती. दुसऱ्या दिवशी आई कामावर न जाता शाळेत आली. मी व्हरांड्यात उभी होते. तिनं मला बघितलं आणि सरळ वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सर, जरा बाहीर या."

सर बाहेर आले. आईचा आवाज आमच्या चाळीत प्रसिद्ध होता. नळावरच्या भांडणात तिच्यासमोर कुणी टिकायचं नाही.

"माझा नवरा शून्य काम करतोय म्हणलात म्हणं तुम्ही?"

"ताई, ते विज्ञानातलं आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"न्हाई कळत मला. मी चौथी शिकलेय. पण तुमच्या शाळेच्या गेटवर बी एक माणूस हुभा आसतोय. त्याला उद्यापासनं काढून टाका. शून्य काम करतोय तर कशाला ठिवलाय? कुणी बी येऊ द्या, कुणाचं बी लेकरू उचलून नेऊ द्या!"

शेजारच्या वर्गांची दारं उघडली. शिक्षक बाहेर डोकावले. सर म्हणाले, "आवाज खाली करा."

"न्हाई करणार. माझ्या लेकरासमोर तिच्या बापाची नक्कल काढलीत, तवा तुमचा आवाज कुठं खाली होता? आन् तिला हितं हुभं करायलात! ही शाळा हाय का चौकी?"

मुख्याध्यापिका बाई धावत आल्या. त्यांनी आईला ऑफिसात नेलं, पाणी दिलं. त्याच दिवशी मला दुसऱ्या तुकडीत टाकलं. प्रश्न मिटला, असं सगळ्यांनी मानलं. सर त्याच वर्गावर राहिले, तसेच हसवत राहिले. माफी कुणी मागितली नाही. घरी येऊन आईनं राहिलेला राग वडिलांवर काढला. "तुमी हात कामून जोडलाव?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. वडील ड्युटीची वेळ झाली तसे बूट घालून निघून गेले.

आठवीत विज्ञानाला नवीन बाई आल्या. कोवळ्या वयाच्या, बहुतेक पहिलीच नोकरी. ऊर्जेचा धडा सुरू करताना त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि एक हात सरळ पुढे करून त्यात दप्तर धरायला सांगितलं. थोड्याच वेळात हात थरथरायला लागले. कुणी कण्हत होतं, कुणी चोरून कोपर वाकवत होतं.

"दप्तर हललं का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग दमलात कशानं?"

त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं. बाई म्हणाल्या, "दप्तर हललं नाही म्हणून दप्तरावरचं कार्य शून्य. पण दंडाच्या स्नायूंमध्ये बारीक तंतू असतात. दप्तर तोलून धरायला ते सारखे आखडतात आणि सुटतात. त्याला ऊर्जा लागते, आणि ती तुमच्या जेवणातून येते. शेवटी तिची उष्णता होते. नुसतं उभं राहिलात तरी पायांत हेच चालू असतं. आणि पायातलं रक्त वर चढवावं लागतं, ते वेगळंच."

त्या पुढे काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. खरंतर मला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. उलट मी आणखी भडकले. इतकं सोपं होतं हे! चार वाक्यं. सरांना ही चार वाक्यं माहीत नव्हती, हे मी मानायला तयार नाही. माहीत असूनही सांगितली नाहीत, कारण ती सांगितली असती तर विनोद झाला नसता. एका विनोदासाठी त्यांनी धडा अर्धा ठेवला, आणि त्या अर्ध्या धड्यात माझ्या बापाला उभं केलं.

पुढे मी डिप्लोमा केला. आता चाकणच्याच एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. वडिलांच्या पायातल्या शिरांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उभं राहायची नोकरी बंद करायला सांगितली, तेव्हा ते घरी बसले. आमचं घर आता मोशीत आहे.

गेल्या वर्षी आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन झालं. भोसरीत एक हॉल घेतला होता. निवृत्त झालेल्या सरांचा सत्कार होता. मी जाणार नव्हते, पण एका मैत्रिणीनं गळ घातली. सर पिकले होते, शाल पांघरून स्टेजवर बसले होते. एकेक जण उठून आठवणी सांगत होता. लहानपणी भिंत ढकलणारा तो दांडगट मुलगा आता पोट सुटलेला कॉन्ट्रॅक्टर झालाय. त्यानं माइक घेतला आणि म्हणाला, "भावांनो, सरांचा झिरो ज्युल आठवतो का?" हॉलभर हशा पिकला. सर हसले. बऱ्याच जणांनी वळून माझ्याकडे बघितलं, अगदी प्रेमानं, जणू माझाही सत्कार चाललाय.

मी उठले आणि माइक मागून घेतला.

"मला आठवतं," मी म्हणाले. "माझ्या वडिलांना सरांनी शून्य म्हटलं होतं. त्यांच्या बोलण्याची नक्कल केली होती. ती अर्धवट शिकवलेली गोष्ट होती आणि तुम्ही सगळे अजून त्यावर हसताय. सर, मला वाटतं तुम्ही आज तरी माफी मागावी. माझी नाही, त्यांची."

सर खुर्चीतून किंचित पुढे झुकले. "अगं, किती मनाला लावून घेतेस! पुस्तकातलंच होतं ते."

"तो हेल पुस्तकात नव्हता सर."

कुणीतरी माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि म्हणालं, चला, जेवण वाढलंय. पंगतीत माझ्याशी कुणी बोललं नाही. हात धुताना वर्गात माझ्या शेजारी बसणारी ती जुनी मैत्रीण जवळ आली आणि म्हणाली, "मी पण हसले होते तेव्हा."

"माहितीये," मी म्हणाले. ती आणखी काहीतरी ऐकायला थांबली होती. मी हात पुसले आणि निघाले.

घरी आले तेव्हा वडील टीव्ही बघत होते. आवाज कमी करून त्यांनी विचारलं, "झाला का कार्यक्रम? सर आले होते का? तब्येत बरी हाय ना त्यांची?"

अगदी मनापासून विचारत होते. मी दात आवळून आत गेले, चप्पल कोपऱ्यात भिरकावली आणि मोबाइल काढून बॅचच्या ग्रुपमधून बाहेर पडले.