यमुनाची आठ बोटं

ब्लेड फिरवलं, जुनं सर्व्हिंग सुटून मांडीवर पडलं आणि मग आठवलं, खूण करायची राहिली. स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

शहापूरजवळच्या एका ट्रेनिंग सेंटरात मी तेव्हा आर्चरी कोच होतो. कंपाउंड बो म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य. त्याच्या दोरीवर मधोमध बारीक दोरा घट्ट गुंडाळलेला असतो, ते सर्व्हिंग. बाण तिथंच अडकवतात, म्हणून तेच आधी झिजतं. अडकवायची जागा जरा जरी हलली, तरी नेम गेलाच.

धनुष्य यमुनाचं. डोळखांबकडच्या पाड्यावरची, एकोणीस वर्षांची. दुपारी ठाण्याला तिची सिलेक्शन ट्रायल होती. निवड झाली तर वर्षभर हॉस्टेल. नाही तर दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टी. आणि मी खूणच घालवून बसलो होतो.

आमच्या इन-चार्ज मॅडम दारातून ओरडल्या, “झालं का, सर?”

“होतंय.”

“दोनला जीप सुटणार. थांबणार नाही हं!”

यमुना दोन्ही हातांनी धनुष्य धरून समोर बसली होती. “सर, माप हाय ना. बघायच्या रिंगपासून खाली आठ बोटं.”

दोरीतच एक छोटी रिंग असते, तिच्यातून नेम बघतात.

“तुला कुणी सांगितलं?”

“बाबा बांबूचं धनुष्य करतो, तवा बोटांनीच मापतो. मी पण रोज लावून बघते.”

मी आठ बोटं मोजली, पेनानं खूण केली आणि दोरा गुंडाळायला घेतला. दोरीचा पीळ ज्या बाजूचा, त्याच बाजूनं गुंडाळायचं, नाही तर सैल पडतं. सागाचं पान हलत नव्हतं. खाचरातून कापलेल्या भाताचा वास येत होता. रीळ दोरीभोवती हळूहळू फिरत होतं आणि यमुना तिच्या बोलीतलं काहीतरी गुणगुणत होती. हातातलं काम आपोआप होत होतं. मला वाटलं, जीप येऊच नये, ही दुपार अशीच राहावी. फार सुख वाटलं.

दोऱ्याचं टोक आत ओढून घेतलं. खुणेवर लूप, म्हणजे दोरी ओढायचा छोटा फास, बांधला.

यमुनानं सोडलेला पहिला बाण टार्गेटच्या वरून सागात गेला. दुसराही.

“माप चुकलं तुझं!” मी खेकसलो.

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि खुदकन हसली. “माझं नाय चुकलं, सर. तुमी तुमची बोटं लावलीत. धनुष्य ज्याचं, बोटं बी त्याचीच लावायची. आमच्याकडं असंच करतात.”

माझी बोटं केळ्यांएवढी. तिनं आपली लावली, तर खूण जवळजवळ बोटभर वर आली. सर्व्हिंग लांब होतं, म्हणून वाचलो. फक्त लूप वर सरकवला. तिचा तिसरा बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात लागला, आणि खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. जीप दोनला सुटली.

निवड झाली. ब्लेड लावण्याआधी खूण करा, एवढंच या प्रकरणातून शिकवण्यासारखं.

दिवाळी सरली आणि तिच्या घरच्यांना वीटभट्टीवर नेणारा ट्रक आमच्या फाट्यावरून मुरबाडच्या रस्त्याला लागला. यमुना हात करून परत बाण मारायच्या लाइनवर आली. त्या दिवशी तिचे बाण कुठंही जात होते. दोरी तपासायच्या निमित्तानं मी तिच्याशेजारी बराच वेळ बसलो. दोरीत काहीच बिघाड नव्हता.