गवत काढणारा माणूस

नवीन गेम आला की तो आधी खेळत नसे, आधी बंद करत असे. "पयले काय काय चालू हाय ते पाहू," असं म्हणत माऊस हातात घ्यायचा आणि सेटिंगच्या पानावरच्या खुणा एकेक करून काढून टाकायचा. धुकं बंद. सावल्या बंद. पाण्यावरची चमक बंद. पळताना चित्र पुसट होतं, तेही बंद. सगळ्यात शेवटी गवत. गवत गेलं की खुर्चीत मागे सरून बसायचा, अंगण झाडून झाल्यावर बाई कंबर सरळ करते तसा.

गडचांदूरला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं गेमचं दुकान होतं. लांबोळकी खोली, दोन्ही भिंतींना लावून कॉम्प्युटर. पोरं भिंतीकडे तोंड करून बसायची आणि मधल्या वाटेने मी झाडू आणि फडकं घेऊन फिरायची. सिमेंटच्या कारखान्यांच्या गावात धूळ पुसणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एका टोकापासून पुसत दुसऱ्या टोकाला जावं, तर पहिल्या पडद्यावर पुन्हा पांढरा थर.

त्याचा माझ्यावरही विश्वास नव्हता. बोट फिरवून पाहायचा.

"बाई, इथी पुसलं का तुमी?"

"पुसलं, भाऊ."

"मंग हे काय हाय?"

"हे पुसल्यावर बसलं."

थोडा विचार करायचा आणि म्हणायचा, "असन." त्याच्याकडून इतकंच मिळायचं. "असन" म्हणजे तुम्ही खरं बोलत असाल, पण मी ते मानलं असं समजू नका.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. पेढ्यावरचा वर्ख नखाने खरवडून मगच तोंडात टाकणारा. सफरचंद शर्टाला घासून, घासलेली जागा पुन्हा उजेडात धरून पाहणारा. सकाळी रस्त्यावर टँकरने पाणी मारलेलं दिसलं की हा दारात येऊन उभा राहायचा. "कोणी मोठा येऊन राह्यला वाटते. नाई तं आपल्या धुळीचं कोणाले पडलं हाय?" आणि खरंच दुपारी दोन-चार गाड्या निघून जायच्या.

गल्लीतल्या लोकांना मात्र त्याचाच संशय होता. समोरचा पानठेलेवाला म्हणायचा, "मशिना जुन्या हाय त्याच्या. सगळं चालू केलं तं धापा टाकतीन. म्हणून हा बंद करते आन वरून ग्यान देते." मला ते पटलं होतं. गरम दिवसांत त्या डब्यांच्या आतला पंखा असा घोंगावायचा की मी जवळून पुसताना अंग चोरायची. त्याला विचारण्याची माझी काय टाप. एका पोराने मात्र तोंडावर विचारलं.

"भाऊ, मशीनले झेपत नाई म्हणून बंद करता ना?"

"झेपते. पण काऊन झेपवावं? बाहेर धुकं फुकटात भेटते, आत पैसे देऊन कायले पाहाले लागते?"

पोरं हसली. हा हसला नाही.

त्याचं गाव गडचिरोलीकडे, जंगलाला लागून. मोहाची फुलं पडायच्या आधी तो दुकानाला कुलूप लावून गावी जायचा, आपल्या झाडाखालचा पाचोळा काढायला. एकदा मी झाडत असताना आपणहून बोलला, तसं तो क्वचित बोलायचा. "पाचोळा राह्यला तं फूल दिसत नाई, बाई. आन फुलाच्या बाजूले कोण बसलं हाय तेबी दिसत नाई." मी मान हलवली. मनात म्हटलं, याला प्रत्येक झुडपात अस्वल दिसतं. इथे तर झुडूपही नाही, भिंत आहे.

मग तो रविवार आला. कारखान्याच्या कॉलनीतली पोरं विरुद्ध गावातली पोरं असा बंदुकांचा खेळ दर रविवारी व्हायचा. कॉलनीची पोरं एका भिंतीला, गावाची दुसऱ्या. सकाळी हा सगळ्या मशिनी सारख्या करून ठेवायचा, गवतासकट सगळं बंद. कॉलनीतला एक चष्मेवाला इंजिनियरिंगला बाहेरगावी शिकत होता, सुट्टीत आला होता. त्याने बसल्या बसल्या आपल्या मशीनवर गवत चालू करून घेतलं. छान दिसतं म्हणून. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी मधल्या वाटेत होते. डावीकडे पाहिलं तर चष्मेवाल्याचा माणूस कमरेएवढ्या गवतात पालथा पडलेला, फक्त बंदुकीचं टोक बाहेर. उजवीकडे पाहिलं तर तोच माणूस, तीच जागा, पण भुईवर एक काडी नाही. सपाट मैदानात एकटा पालथा पडला होता. गावातल्या पोराने सावकाश नेम धरला आणि त्याला मारलं. चष्मेवाल्याने पुन्हा गवत गाठलं, पुन्हा मेला. तिसऱ्यांदा मेला तेव्हा तो उठून वळला आणि समोरच्या पडद्यावर त्याला ते मैदान दिसलं.

"ये क्या है? इथं गवतच नाई! भाऊ, यांना गवत काढून दिलं तुम्ही?"

"सगळ्याईलेच काढून देल्लं. तूनं चालू केलं असन."

"गेम बनवणाऱ्यानं गवत दिलं. लपायलाच दिलं ना? तुम्ही कोण काढणारे?"

"ज्या गवतानं लपत नाई, ते कायचं गवत? ते फक्त तुले दिसून राह्यलं. त्याच्यात बसून माणूस मरते."

"चीटिंग आहे ही. गाववाल्यांकडून आहात तुम्ही."

खेळ तिथेच मोडला. दुसऱ्या दिवशी कॉलनीतलं कुणी आलं नाही. पानठेल्यावर गोष्ट दुप्पट झाली होती. तो म्हणे मशिनीत चोरीचं काही टाकून ठेवतो, म्हणे रविवारी गावच्या पोरांकडून वाटा घेतो. गल्लीतून जाता-येता लोक आत डोकावायचे आणि एकमेकांकडे पाहायचे.

सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाला स्वतःवरचा संशय सोसवत नाही, हे मला तेव्हा दिसलं. जेवणाचा डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. एकदा मी पुसत असताना म्हणाला, "मले चोर म्हणते, बाई." मलाही नक्की ठाऊक नव्हतं. मी पाहिलं होतं ते इतकंच, की एकीकडे गवत होतं आणि एकीकडे नव्हतं. सकाळी कुणी काय केलं ते मी थोडंच पाहिलं होतं?

मग त्याने दोन मशिनी उचलून दारात मांडल्या, गल्लीकडे तोंड करून. एकीवर गवत चालू, दुसरीवर बंद. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवू लागला. "पाहा. हा इथी लपला. आता तिकडं पाहा, कसा उघडा पडला हाय. कोणी चोरी केली काय? बटन सगळ्याईपाशी हाय."

माणसं जमली. पानठेलेवालाही गिऱ्हाईक सोडून आला. गवतवाली मशीन धापा टाकत नव्हती, नीट चालली होती, ते पाहून तो ठेल्यावर परत गेला. तिसऱ्या दिवशी चष्मेवालाही आला. दोन्ही पडदे त्याने वाकून वाकून पाहिले. "सॉरी भाऊ. माझंच चुकलं," म्हणाला. त्याच्या मागे उभी पोरंही माना हलवत होती.

त्याचं नाव धुऊन निघालं. पण मी मागे उभी होते, मला पोरांचे डोळे दिसत होते. सगळे एकाच पडद्याकडे लागले होते. त्या गवतावरून वारा जात होता, तुरे एकामागून एक झुकत होते, उन्हाचा रंग पिवळा होता.

"ह्या गेममधी असं दिसते काय?" गावातला एक जण हळूच म्हणाला. "आपल्याले तं मालूमच नोतं."

त्या दिवसापासून पोरं गवत मागू लागली. हा ऐकेना. "सगळ्याईनं चालू केलं तरी कोणी एक बंद करनच. मंग बाकीचे उघडे पडतीन, लपलो समजून." म्हणणं खरं होतं, कुणी खोडलं नाही. मोठ्या रस्त्यावर नवीन दुकान निघालं होतं, तिथे सगळंच चालू असायचं. पोरं एकेक करून तिकडे गेली. जाताना त्याला सांगूनही जायची, चांगल्या मनाने. "भाऊ, तुमचं बरोबर हाय. पण ते पाहाले बरं वाटते."

रिकाम्या दुकानात एके दिवशी त्याने मला विचारलं, "बाई, तुमाले कोणतं बरं वाटते?"

मी फडकं पिळत राहिले. मग म्हटलं, "गवतवालं."

"खोटं हाय ते."

"हो. पण हालते ना, भाऊ."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता "असन" म्हणेल. त्याने पडद्यावरून बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं.

आता तिथे साड्यांचं दुकान आहे. तो कुठे गेला ते कुणी नीट सांगत नाही. कुणी म्हणतं गावी परत गेला, कुणी म्हणतं भद्रावतीला दिसला, कुणी म्हणतं कोरपन्याला ऑटो चालवतो. सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. ही सवय मला त्याच्याकडूनच लागली असावी.

दुकानाच्या शेवटच्या दिवशी दुपारी गेले तेव्हा बाकीच्या मशिनी खोक्यांत भरून झाल्या होत्या. एकच चालू होती आणि तिच्यावर गवत होतं. त्याचा माणूस गवतात उभा होता. याचे हात मांडीवर.

"खेळून नाई राह्यले काय, भाऊ?"

"पाहून राह्यलो."

इतक्यात गोळीचा आवाज आला, पडदा लाल झाला आणि त्याचा माणूस पडला. नेटवरून खेळणारा कुठल्या गावचा कोण होता कुणास ठाऊक.

"तुमाले दिसला काय, बाई?"

"नाई."

"मलेबी नाई." त्याने बटण दाबून माणसाला पुन्हा उभं केलं, त्याच गवतात. मग पायाने बाजूची खुर्ची माझ्याकडे सरकवली. त्या दुकानात मी तोवर कधी बसले नव्हते. झाडू भिंतीला टेकवून बसले. वारा आला, सगळं गवत एका अंगाला झुकलं, आणि कुणीतरी आम्हाला पुन्हा मारलं.